पाटीला हात

१

दोन्ही हातांतल्या बांगड्या एकदम वाजल्या की कसा आवाज होतो, तो मी फार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ऐकला होता. लग्न होऊन मंजुळा तुर्भ्याहून आमच्या वेसाव्यात आली, त्याच दिवशी. गल्लीतून बायका तिला दर्याकडे घेऊन चालल्या होत्या, गाणी चालली होती, आणि मी घराच्या कुडाआड उभा राहून ऐकत होतो.

आमच्या कोळ्यांत नवी नवरी उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देते. नवरा रोज पाण्यात जाणार, त्याला सांभाळ म्हणून. त्यानंतर जन्मभर काच फक्त डाव्या हातात. उजवा हात दर्याचा झाला.

जाताना तिचे दोन्ही हात वाजत होते. येताना एकच. मला तेव्हा वाटलं, हा जो अर्धा आवाज परत आला, तो माझा. पुढे सगळा संसार मी त्या एका हाताच्या आवाजावर केला. होडी किनाऱ्याला लागली की शंभर बायकांच्या गलक्यात मला मंजुळा कुठे उभी आहे ते डोळे मिटून सांगता यायचं.

उरलेला अर्धा आवाज दर्यात गेला असंच मी धरून चाललो होतो.

२

त्र्याऐंशी सालच्या वैशाखात माझा नातू विद्याधर याचं लग्न ठरलं. मुलगी नंदा, त्याच्याच ऑफिसातली. तिचा बाप भीमराज विक्रोळीला कारखान्यात होता, माणसं मूळची घाटावरची. भीमराजचा एक हट्ट होता. त्याच्या गावाकडे मुलाकडची माणसं आदल्या दिवशी येऊन जानवसघरात उतरतात, म्हणून इथेही उतरायचं. माझी बहीण सोनूबाई पोट धरून हसली. म्हणाली, वेसाव्याहून अंधेरीला जायचं आणि लॉजमध्ये झोपायचं, म्हणजे आपण काय फॉरेनहून आलो काय. पण माणूस मानाने बोलावत होता. आम्ही गेलो.

लॉज अंधेरी पूर्वेला, कुर्ल्याच्या रस्त्यापासून आत होतं. टेम्पोतून उतरल्यावर मी नुसता बघत राहिलो. काळ्या दगडाची बैठी इमारत, कौलांखाली लाकडाची नक्षी, पुढे कमानी. मालक चंद्रप्रकाश आम्हाला कौतुकाने दाखवत होता. हे जुनं स्टेशन आहे बाबा, म्हणाला. एके काळी अंधेरीहून तुर्भ्याकडे एक छोटी लाईन जायची, थोडी वर्षं चालली आणि बंद पडली. रूळ गेले, इमारत राहिली. त्याने तिकीट खिडकीचा काउंटर केला होता. मास्तरच्या खोलीत स्वयंपाकघर. पाठीमागे फलाटाकडे उघडणारं मोठं दार मात्र विटांनी बुजवून टाकलं होतं, कारण पलीकडे आता गुडघाभर गवत आणि साप.

आम्हा दोघांना मिळाली ती खोली पूर्वी बायकांची बसायची जागा होती. भिंतीला धरून दगडी बाक, आणि दाराशी कमरेइतका उंच एक ओटा. चंद्रप्रकाश म्हणाला, हा ओटा कशाला बांधला होता कोण जाणे, फोडायला गेलो तर पहार वाकली.

मंजुळा सरळ आत गेली आणि हातातलं गाठोडं त्या ओट्यावर ठेवलं. मग बाकाच्या अगदी कडेला, खिडकीजवळ, पाय आखडून बसली. नव्या जागी माणूस आधी इकडेतिकडे बघतं. तिने बघितलं नाही.

मला कळलं. मुलगी असताना ती तुर्भ्याहून आईबरोबर मासळी घेऊन याच लाईनीने यायची. तो ओटा मासळीच्या पाट्या टेकवायला होता.

आणि मला ते वाक्य आठवलं.

३

मासळीची भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. खाली ठेवली की कोणीतरी समोरून हात लावावा लागतो. रस्त्यावरचा कोणीही लावतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाई म्हणते हात लाव, तो लावतो, दोघं आपापल्या वाटेने जातात.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदा मंजुळा चुलीपुढे बसून मान चोळत होती. बाजारात कोणी तरी पाटी धाडकन ठेवली होती. चोळता चोळता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "स्टेशनावर तो पाटी अशी ठेवायचा, डोक्याला कळायचंच नाय."

एवढंच. तो कोण, हमाल होता की झेंडा दाखवणारा, तरणा की म्हातारा, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. न विचारल्यामुळे तो माझ्या घरात राहायला आला. मी समुद्रात जाळं ओढत असताना तो स्टेशनावर उभा असायचा. मला मुलं झाली, सुना आल्या, माझी होडी मुलाच्या नावावर झाली, तरी तो तसाच, पाटीला हात लावायला तयार. माझं वय वाढलं. त्याचं कधी वाढलं नाही.

त्या खोलीत बाकावर बसलेल्या मंजुळेकडे बघताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की इतकी वर्षं तो माझ्या घरात नव्हताच. तो इथे होता.

४

दुपारी जेवणानंतर भीमराजने कासारीण पाठवली. द्रौपदी तिचं नाव. कमानीखाली चटई टाकून ती बसली आणि आमच्या बायका रांगेने तिच्यापुढे बसल्या. घाटावरची बाई, तिला आमची रीत माहीत नव्हती. ती प्रत्येकीचा डावा हात भरून झाला की उजवा धरायला जायची आणि आमच्या बायका हसून हात मागे घ्यायच्या. सोनूबाईने तर तिला सगळी गोष्ट सांगितली, दर्याची, बांगड्यांची. द्रौपदी म्हणाली, तुमचा दर्या लई हावरा बाई.

मी खांबाला टेकून डोळे मिटून बसलो होतो. हसणं चाललं होतं. मग ते थांबलं.

डोळे उघडले तर मंजुळा चटईवर बसली होती. डावा हात भरून झाला होता, आणि तिने उजवा पुढे केला होता. कासारणीने मागितला नव्हता. हिने आपणहून दिला होता, बोटं एकत्र जुळवून, अंगठा आत दाबून, नवी नवरी देते तसा.

"वहिनी, अगो उजवा कशाला देतंस?" सोनूबाई म्हणाली.

"दिला तो दिला," मंजुळा म्हणाली.

इतक्या वर्षांनी त्या हातावर बांगडी चढणार कशी? सांधे सुजलेले, हाड रुंद झालेलं. डावा हात भरताना द्रौपदीला तेल लावावं लागलं होतं. उजव्या हातावर बांगड्या अशा सरकल्या, जशा सोळा वर्षांच्या मुलीच्या हातावर सरकतात. द्रौपदीनेही हात दोनदा उलटसुलट करून बघितला.

मंजुळा उठली आणि आत गेली. दोन्ही हात वाजत गेले. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता. हा आवाज माझ्यासाठी नव्हता. मी तो फक्त एकदा ऐकला होता, आणि तोही कुडाआडून.

५

मी मनाची समजूत घातली. म्हातारपणी माणूस विसरतं. लग्नघर आहे, नातवाचं लग्न आहे, हौस वाटली असेल. हिरव्या काचेला कोणाचं मन नाही म्हणत?

दिवेलागणीच्या आधी चहा झाला. सगळी मंडळी पुढच्या अंगणात मुलांचा नाच बघत होती. मंजुळा त्यांच्यात नव्हती. मला आतल्या बाजूने बांगड्यांचा आवाज आला आणि मी गेलो.

पाठीमागच्या बोळात, त्या बुजवलेल्या दारापुढे ती उभी होती. तिने लॉजचा टॉवेल पिळून गोल केला होता, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली होती. तोंड विटांकडे. वरच्या झरोक्यातून शेवटचं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं.

मी हाक मारणार तेवढ्यात तिने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "हात लाव रं."

मंजुळेने मला जन्मात कधी रं म्हटलेलं नाही. ती मला अवो म्हणते.

मग तिची मान किंचित आत गेली आणि गुडघे जरासे वाकून परत सरळ झाले. ओझं अंगावर आलं की बाईचं शरीर कसं उतरतं आणि कसं सावरतं, ते मी रोज बघत आलोय. ते खोटं करता येत नाही. तिच्या डोक्यावर टॉवेलशिवाय काही नव्हतं. ती हसली. कोणाकडे तरी बघून, ओळखीचं, थोडं मान तिरपी करून.

माझ्याकडे ती कधी तशी हसली होती का, हे मी तिथे उभा राहून आठवत होतो. भिंतीपुढे एकटी उभी असलेली माझी बायको कोणाकडे बघतेय याची भीती वाटायला हवी होती. मला एवढंच सलत राहिलं, की माझ्याकडे नाही.

मी खाकरलो. तिने टॉवेल काढला, माझ्या बाजूने खोलीत निघून गेली. जाताना तिच्या कानाजवळून एक थेंब ओघळला. मी बोटाने टिपला आणि जिभेला लावला. घाम असेल म्हणून. घाम खारट असतोच. पण त्याला बोंबलाचा वास होता. सकाळपासून त्या लॉजमध्ये मासळी आलेली नव्हती. भीमराजने सगळं शाकाहारी ठेवलं होतं.

६

सकाळी मी तिला बांगड्या काढायला सांगितल्या. ती आरशापुढे आंबाडा घालत होती. चार वर्षांपासून तिच्या पाठीला पोक आलं होतं. त्या सकाळी पाठ सरळ होती.

"काढ त्या उजव्या हातातल्या."

"लग्नघरात काच उतरवतात काय, अवो?"

"मग घरी गेल्यावर."

तिने हाताकडे बघितलं. "घरी गेल्यावर बघू."

ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं दाबून धरलं होतं, तो तेव्हा बाहेर पडला. मी विचारलं, तो कोण होता. मला वाटलं ती कोण म्हणून विचारेल. तिने विचारलं नाही.

"पाटीला हात लावायचा," ती म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

"हात लावणाऱ्याचं कोणी नाव विचारतं?" तिने आंबाड्यात काटा खोचला. मग आरशातून माझ्याकडे बघत, रागाने नाही, अगदी साधं विचारलं, "तुम्ही कवा लावला?"

मी होडीवरचा माणूस. आम्ही मासळी किनाऱ्यावर टाकायची, पुढचं बायकांचं. त्यांच्या पाटीला हात लावायचा नसतो असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी लावत नव्हतं. तिच्या पाटीला वेसाव्यातल्या पोस्टमनने हात लावला असेल, बसच्या कंडक्टरने लावला असेल. मी नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये ती खुर्चीवर बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने रुमाल ठेवला होता. मी रुमाल उचलून बसायला गेलो.

"तिथे नको," ती म्हणाली.

मी रुमाल परत ठेवला आणि मागच्या रांगेत बसलो. नंदा आणि विद्याधरने एकमेकांना हार घातले, सगळ्यांनी फुलं टाकली, भीमराज डोळे पुसत होता. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. सोनूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा, नातवाच्या लग्नात बायकोवर डोळा? वहिनी कुठे पळून जात नाय."

मी हसलो. रुमाल मधोमध दबला होता. पंखा वर गरगरत होता आणि रुमालाचं टोकसुद्धा हलत नव्हतं.

७

संध्याकाळी निघायचं होतं. नव्या जोडप्याची गाडी आधीच वेसाव्याला गेली होती, आणि आमचा टेम्पो लॉजच्या पुढच्या कमानीत उभा होता. सामान चढलं, पोरं चढली, म्हाताऱ्या चढल्या. मी चंद्रप्रकाशला रामराम केला. तो म्हणाला, "बाबा, कुछ तकलीफ तर नाही ना झाली?" मी नाही म्हटलं.

निघता निघता भीमराजने शिदोरी आणली. वेताची मोठी पाटी, त्यात लाडू, करंज्या, नारळ, केळ्यांचा घड, वर लाल फडकं घट्ट बांधलेलं. दोन माणसांनी ती आणून आमच्या खोलीतल्या ओट्यावर टेकवली, कारण टेम्पोत जागा करायची होती. भीमराज मला म्हणाला, धर्माबाबा, ही शेवटी चढवू, खाली दबायला नको. आणि तो पुढे गेला.

मी वळलो तर मंजुळा ओट्याशी उभी होती. डोक्यावर चुंबळ. या वेळी टॉवेलची नाही, तिच्या लग्नाच्या लुगड्याचा पदर फाटला होता त्याची, जी ती इतकी वर्षं पेटीत जपून ठेवायची. ती सोबत आणली होती, हे मला माहीत नव्हतं.

"राहू दे गो," मी म्हणालो. "टेम्पो आहे. पोरं उचलतील."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ओट्याच्या पलीकडे, भिंत आणि पाटी यांच्यामध्ये जी हातभर जागा होती, तिकडे बघत होती.

"हात लाव रं," ती म्हणाली.

मला माहीत होतं की ते मला म्हटलेलं नाही. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही माहीत होतं. पण मी पुढे झालो. माझ्या मनात सकाळच्या तिच्या प्रश्नाशिवाय दुसरं काहीच नव्हतं. त्याने लावण्यापेक्षा मी लावतो. एकदा तरी मी लावतो. बघू दे तिला, मलाही जमतं.

मी अलीकडच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं. मंजुळा माझ्या आणि त्या हातभर जागेच्या मध्ये येऊन किंचित वाकली. तिचे दोन्ही हात चुंबळीवर होते. पाटीला तिने हात लावलेला नव्हता.

मी उचललं. म्हाताऱ्या हातांना माझ्या बाजूची कड जेमतेम वर येईल, पलीकडची ओट्यावरच राहील आणि सगळं तिरपं होऊन सांडेल, असं मला वाटलं.

पाटी सरळ वर आली.

इतकी सरळ, की आतला एक नारळ गडगडला नाही. पलीकडच्या काठाला लाल फडकं आत ओढलं गेलं होतं. तिथे चार खळगे पडले होते, शेजारी शेजारी, आणि त्यांत फडकं ओलं होत चाललं होतं. मी वर बघितलं नाही. मान वर करायची होती, करता आली नाही. माझ्या नजरेच्या कडेला भिंतीच्या पांढऱ्या चुन्यापुढे काहीतरी कमी पांढरं होतं, एवढंच सांगता येईल.

सोडून द्यावं असं मनात आलं. सोडलं असतं तर सगळं ओझं तिच्या मानेवर कोसळलं असतं. म्हणून मी धरून ठेवलं. मी माझ्या बाजूने हळू आणली, पलीकडून कोणीतरी तितकीच हळू आणली. आम्ही दोघांनी मिळून, दोन सवयीच्या माणसांनी ठेवावी तशी, ती पाटी तिच्या डोक्यावर ठेवली.

आवाज झाला नाही. तिची मान जरासुद्धा आत गेली नाही. डोक्याला कळलंच नसेल.

मी हात काढून घेतले. फडक्यावरचे खळगे आपोआप भरून आले.

मंजुळेने हात वर नेऊन पाटी सावरली आणि दोन्ही मनगटांतल्या बांगड्या एकदम कोपराकडे घसरल्या. पुढच्या कमानीतून सोनूबाईची हाक येत होती, वहिनी, चला गो, दादा, बायकोला घेऊन या. मी म्हटलं, "मंजुळा, इकडून." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. बाजारात पाटीला हात लावणाऱ्या अनोळखी माणसाकडे बाई बघते ना, तसं. उपकार नाही, ओळख नाही, फक्त झालं म्हणून.

मग ती बोळाकडे वळली, विटांनी बुजवलेल्या दाराच्या दिशेने, आणि दोन्ही हात वाजवत चालू लागली.